उत्तर पाठ आहे, प्रश्न कुठे आहे?

सेमिस्टर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या जिन्यांवर, व्हरांड्यात, ग्रंथालयाबाहेरच्या बाकड्यांवर एकच आवाज असतो, पुटपुटण्याचा. हातात झेरॉक्स, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. गेल्या सत्रात मानसशास्त्राच्या पेपरच्या आदल्या दिवशी अशाच एका मुलीजवळ थांबले. "काय चाललंय?" म्हटलं. "मिलग्रॅम, मॅडम. येतंय की मला सगळं." आणि तिने इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवलं. १९६३, येल विद्यापीठ, ४० पुरुष, ४५० व्होल्ट, ६५ टक्के. एक शब्द चुकला नाही. मी सहज विचारलं, "पासष्ट टक्के म्हणजे कशाचे गं?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "तेवढं नोट्समध्ये नाही बघा."

त्या नोट्स माझ्याच होत्या.

म्हणून हा लेख विद्यार्थ्यांना उपदेश करायला लिहीत नाही. मुलं पाठांतर करतात अशी तक्रार आम्ही शिक्षक स्टाफरूममध्ये चहा पिताना रोज करतो. पण पाठ करण्याजोगं काय ते त्यांच्या हातात देतं कोण? सात मुद्दे, दोन आकडे, शेवटी टीका तीन ओळींत, असा साचा मी वर्षानुवर्षं दिला. मुलं पास झाली, काहींना चांगले गुणही पडले. पण संशोधन का केलं गेलं, कुणाला कसली शंका आली होती, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. माझं मत आता असं झालं आहे की मानसशास्त्राच्या परीक्षेची तयारी उत्तरापासून सुरू करणं हीच मूळ चूक आहे. आधी प्रश्न समजला पाहिजे. आणि आपल्या मुलांना तो प्रश्न बहुतेक वेळा मराठीत समजतो.

त्या मुलीला मी तिथेच मराठीत विचारलं, "कुणा मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मनाला न पटणारं काही केलंयस कधी?" तिने जरा विचार केला आणि शाळेतली गोष्ट सांगितली. ती वर्गाची मॉनिटर होती. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही, असं सरांनी सांगितलं. तिने जिवलग मैत्रिणीचं नाव लिहिलं. मैत्रिणीला शिक्षा झाली, दोघींचं कितीतरी दिवस बोलणं बंद. "का लिहिलंस?" तर म्हणाली, "सर तिथंच उभे होते की. नसते तर नसतं लिहिलं."

हे वाक्य ऐकून मी चमकले. मिलग्रॅमच्या प्रयोगात माणसांना सांगितलं होतं की हा स्मरण आणि शिक्षा यांचा अभ्यास आहे. पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की विजेचा धक्का द्यायचा, दर चुकीला १५ व्होल्ट वाढवायचे. पलीकडचा माणूस सामील होता, धक्के खोटे होते. पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. ४० पैकी २६ जण शेवटपर्यंत, म्हणजे ४५० व्होल्टपर्यंत गेले. हेच ते ६५ टक्के. पुढे मिलग्रॅमने हाच प्रयोग थोडा थोडा बदलून पुन्हा पुन्हा केला. आज्ञा देणारा संशोधक खोलीत न थांबता फोनवरून सूचना देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे २०.५ टक्क्यांवर आले. "सर तिथंच उभे होते" या चार शब्दांत त्या मुलीने हाच बदल पकडला होता. समज तिच्यापाशी होती. माझ्या नोट्सनी ती बाहेर येऊ दिली नव्हती.

दृष्टिकोनांचंही तसंच. जैविक, वर्तनवादी, बोधनिक, मनोविश्लेषणात्मक, मानवतावादी अशी पाच नावं, प्रत्येकाखाली एक जनक, तीन गृहीतकं. मुलांच्या डोक्यात पाच डबे तयार होतात आणि परीक्षेत झाकणं बदलतात. फ्रॉइडची वाक्यं रॉजर्सच्या नावावर जातात. त्यापेक्षा एकच प्रसंग घ्यावा. परीक्षा हॉलमध्ये पेपर हातात आल्यावर एका मुलाला काहीच आठवेनासं होतं. आता पाच जण त्याच्याकडे बघताहेत असं समजा. जैविक दृष्टीचा माणूस विचारेल, याच्या शरीरात या क्षणी काय चाललंय? छाती धडधडतेय, हाताला घाम आहे. वर्तनवादी विचारेल, परीक्षेशी याआधी कसला वाईट अनुभव जोडला गेलाय? बोधनिक दृष्टीचा विचारेल, हा स्वतःशी काय बोलतोय? "मी गेलो, मला काही येत नाही," असं? मनोविश्लेषणवाला विचारेल, ही भीती खरंच पेपरची आहे, की याला स्वतःलाही नीट न कळलेली, घरातल्या कुणाविषयीची? आणि मानवतावादी विचारेल, याला घरचं प्रेम टक्क्यांच्या अटीवर तर मिळत नाही ना?

हे प्रश्न कळले की संशोधनाच्या पद्धती वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत. जो फक्त दिसणारं वर्तन मोजायचं म्हणतो तो प्रयोगशाळेत जाणार. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० साली लहानग्या अल्बर्टच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती निर्माण केली ती अशीच. उंदीर पुढे यायचा तेव्हा त्याच्या मागे लोखंडी गजावर हातोडा मारून मोठा आवाज करायचे. जो मनाच्या तळाशी काय दडलंय ते शोधतो त्याला एकाच माणसाचा खोल अभ्यास करावा लागणार. फ्रॉइडने १९०९ साली प्रसिद्ध केलेला छोट्या हान्सचा अभ्यास असाच आहे. आणि त्यातली बहुतेक माहिती मुलाच्या वडिलांकडून, पत्रांतून आलेली आहे. हे एकदा ध्यानात आलं की टीकेचा मुद्दा मुलं आपणहून सांगतात: "मॅडम, वडीलच फ्रॉइडचे चाहते असतील तर त्यांना हवं तेच दिसणार ना?" एरवी टीका म्हणून आमच्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत प्रत्येक संशोधनाखाली तीच तीन वाक्यं असतात. नमुना लहान होता, प्रयोगशाळा कृत्रिम होती, नीतिनियम पाळले नाहीत. हान्सलाही तेच, अल्बर्टलाही तेच. तपासणारा तरी काय करणार?

यंदा मी एक वेगळा तास घेतला. वाङ्मय मंडळाच्या वाचकांना तो आवडेल, कारण त्यात मानसशास्त्रापेक्षा मराठीच जास्त झाली. लॉफ्टस आणि पामर यांचं १९७४ सालचं संशोधन अभ्यासक्रमात आहे. ४५ विद्यार्थ्यांना अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या आणि विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता? फक्त क्रियापद गटागटाला बदललं. सगळ्यात जोरकस क्रियापद ऐकलेल्यांनी सरासरी वेग ताशी ४०.८ मैल सांगितला, सगळ्यात सौम्य ऐकलेल्यांनी ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिली का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी जोरकस शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले. सौम्य शब्दाच्या गटात ५० पैकी ७, आणि ज्यांना वेग विचारलाच नव्हता त्यांच्यात ६.

मी वर्गाला म्हटलं, हा प्रयोग आपल्याला बेळगावात, मराठीत करायचाय. पाच क्रियापदं द्या.

आणि वर्ग पेटला. 'आदळल्या', 'धडकल्या' यावर एकमत झालं. कुणी 'घासल्या' म्हणालं. मागच्या बाकावरचा एरवी तोंड न उघडणारा मुलगा उठला: "घासल्या चालणार नाही. घासली म्हणजे बाजूनं लागली. मग वेग बदलतोय का अपघातच बदलतोय, कळणार कसं?" दुसरी म्हणाली, 'ठोकली' नको, त्यात कुणाचा तरी दोष आला. 'लागल्या'वर वाद झाला, कारण आमच्याकडे गाडी 'लागते' म्हणजे कधी कधी प्रवासात मळमळतंही. 'टेकल्या' अखेर सगळ्यात सौम्य म्हणून ठरला.

फळ्यावर मी तेव्हा स्वतंत्र चल हा शब्द लिहिला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या जिथल्या तिथे ठेवायच्या. हे मी दरवर्षी व्याख्या म्हणून सांगत होते. त्या दिवशी ते मुलांनी मला सांगितलं, 'घासल्या' हा शब्द नाकारून. तासाच्या शेवटी एकीने विचारलं, "मॅडम, आपल्याकडं साक्षीदार मराठीत सांगतो आणि लिहिणारा कन्नडमध्ये लिहितो. मग क्रियापद कुणाचं धरायचं?" याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. पण सीमाभागातल्या वर्गातून उठावा असाच हा प्रश्न आहे, आणि कुठल्याही गाईडमध्ये तो सापडायचा नाही.

आता आक्षेप. माझ्याच सहकाऱ्यांनी घेतलेला पहिला आक्षेप वेळेचा आहे. पोर्शन पुरा व्हायचा असतो, असे तास रोज कुठून घेणार? खरं आहे. रोज नाही घेता येत. पण एका युनिटला एक तास असा मिळाला तरी उरलेलं भराभर सांगता येतं, कारण नियंत्रित गट, नमुना, चल हे शब्द पुन्हा पुन्हा समजवावे लागत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. पेपर इंग्रजीत लिहायचा आहे, मराठीत समजून काय उपयोग? दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून खानापूरकडच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांचं नुकसान व्हावं असं कुणालाच वाटत नाही. मलाही नाही. इंग्रजी उत्तर लिहिता आलंच पाहिजे, त्याचा सराव करायलाच हवा. पण ज्याला सांगायचं काय हे कळलंय तो मोडक्या इंग्रजीतही चार वाक्यं स्वतःची लिहितो. पाठ केलेला मात्र प्रश्नातला एक शब्द बदलला की अडतो. 'वर्णन करा' ऐवजी 'तुलना करा' आलं की त्याची गाडी रुळावरून उतरते. ज्या मुलांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांनाच पाठांतर जास्त महागात पडतं, हे मी उत्तरपत्रिका तपासताना पाहिलं आहे.

शिवाय गंमत अशी, की पाठांतराविषयीचं संशोधन याच विषयाच्या स्मृतीच्या प्रकरणात बसतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा वाचलं, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे. म्हणजे जिन्यावर बसून पुन्हा पुन्हा वाचताना 'येतंय की सगळं' असं जे वाटतं ते खोटं नसतं, फक्त फार टिकत नाही.

आणि पाठ केलेलं उत्तर शेवटचा शब्द असतं असंही नाही. २०१५ साली शंभर मानसशास्त्रीय संशोधनं पुन्हा करून पाहिली, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांमध्ये तसा ठळक निकाल पुन्हा मिळाला. आपण घोकतो त्यातलं काही उद्या बदलणार आहे. त्यामागचा प्रश्न ज्याला कळलाय त्याला या बातमीने धक्का बसणार नाही.

म्हणून पुढच्या सत्रापासून मी नोट्स द्यायच्या नाहीत असं ठरवलं आहे. निदान तशा तरी नाहीत. प्रत्येक संशोधनावर एक पान असेल. वर एकच ओळ, संशोधकाला पडलेला प्रश्न, मराठीत. खाली सगळं कोरं. ते मुलांनी भरायचं, आधी मराठीत एकमेकांना सांगून, मग इंग्रजीत, पुस्तक मिटून. शनिवारी दुपारी ग्रंथालयातल्या मागच्या टेबलावर मी बसेन. ज्यांना प्रश्नपत्रिका सोडवायच्या आहेत त्यांनी यावं, वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांना समजवायला यावं. गुण कमी पडले तर बोल मला लावा, पालकसभेत सांगा. मी तिथे असेन.

ती मुलगी पास झाली. किती गुण पडले ते मी मुद्दाम विचारलं नाही. परवा जिन्यात भेटली तेव्हा हातात झेरॉक्स होतीच. पण मला थांबवून म्हणाली, "मॅडम, त्या मैत्रिणीला मी ते सांगितलं. सर उभे होते म्हणून लिहिलं, ते. ती म्हणाली, ती असती तर तिनंपण लिहिलं असतं."