विश्लेषण : जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो का? आणि बदलून काय साधते?

बारावी झाली, कॉलेजचा प्रवेश पक्का झाला, की घरात लॅपटॉपचा विषय निघतो. नव्याची किंमत ऐकून मग कपाटातला दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप बाहेर काढला जातो. तो सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागतात, ब्राउझर उघडला की पंखा घरघरू लागतो. अशा वेळी ओळखीतले कोणी तरी सल्ला देते : ‘प्रोसेसर बदलून घ्या, नव्यासारखा पळेल.’ हा सल्ला कितपत खरा आहे? काही लॅपटॉपच्या बाबतीत तो शक्य कोटीतला आहे, पण बहुतेकांच्या बाबतीत त्यावर खर्च केलेले पैसे वाया जाण्याचीच शक्यता अधिक. असे का, ते समजून घेतले तर तेच पैसे योग्य जागी लावता येतात.

प्रोसेसर बदलणे शक्य केव्हा असते?

प्रोसेसर मदरबोर्डवर दोन प्रकारे बसवलेला असतो. पहिल्या प्रकारात बोर्डावर सॉकेट असते. प्रोसेसरच्या खालच्या बारीक पिना त्यात बसतात आणि बाजूचा स्क्रू फिरवला की तो घट्ट होतो. असा प्रोसेसर काढून दुसरा बसवता येतो. दुसऱ्या प्रकारात पिना नसतात. प्रोसेसरच्या तळाशी असलेले धातूचे शेकडो बारीक ठिपके थेट बोर्डावर सोल्डर केलेले असतात. तो काढायला विशेष यंत्र आणि कसलेला कारागीर लागतो. एवढे करूनही बोर्ड वाचेल याची खात्री नसते. घरगुती वापरासाठी या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

माझ्या लॅपटॉपमध्ये सॉकेट आहे हे कसे ओळखावे?

इंटेलच्या बाबतीत ढोबळ हिशेब सोपा आहे. चौथ्या पिढीपर्यंतच्या, म्हणजे साधारण २०१३-१४ पर्यंतच्या अनेक लॅपटॉपमध्ये सॉकेट असे. पाचव्या पिढीपासून इंटेलने लॅपटॉपसाठी सॉकेटचे प्रोसेसर काढणेच थांबवले. एएमडीचीही वाटचाल साधारण त्याच काळात त्याच दिशेने झाली. डेस्कटॉपचा प्रोसेसर घातलेले मोजके जाडजूड गेमिंग लॅपटॉप हा त्यानंतरचा अपवाद.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटचे अक्षरही सूचक असते. त्या काळातील ‘एम’ किंवा ‘एमक्यू’, ‘क्यूएम’ असा शेवट असलेले प्रोसेसर बरेचदा सॉकेटमधले. ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारा, तो सोल्डर केलेलाच. ‘एचक्यू’चेही तसेच. मात्र केवळ नावावर विसंबू नये, कारण काही प्रोसेसर एकाच नावाने दोन्ही प्रकारांत निघाले. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘पॅकेज’ या ओळीत सॉकेटचा प्रकार दिसतो. तिथे ‘बीजीए’ असे असेल तर प्रोसेसर सोल्डर केलेला आहे, म्हणजे विषय संपला. अंतिम शब्द त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचा.

सॉकेट आहे, मग कोणताही नवा प्रोसेसर चालेल?

नाही. पहिली अट सॉकेटची. तिसऱ्या पिढीच्या सॉकेटमध्ये चौथ्या पिढीचा प्रोसेसर बसतच नाही. दुसरी अट चिपसेट आणि बायोसची. निर्मात्याने बायोसमध्ये ज्या प्रोसेसरची ओळख दिलेली नाही, तो बसवला तर पडदा काळाच राहू शकतो. तिसरी अट उष्णतेची. ३५ वॅटच्या प्रोसेसरसाठी बनवलेल्या पंख्याच्या आणि तांब्याच्या नळीच्या भरवशावर ४५ वॅटचा प्रोसेसर घातला तर तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे पैसे गेले आणि वेगही मिळाला नाही.

एक उदाहरण घेऊ. २०१२ च्या सुमाराच्या अनेक लॅपटॉपमध्ये कोअर आय-३ ३११०एम हा दोन कोअरचा, ३५ वॅटचा प्रोसेसर होता. त्याच पिढीतला कोअर आय-७ ३६३२क्यूएम हा चार कोअरचा, पण तोही ३५ वॅटचाच. सॉकेट तेच. बायोसने ओळखला तर हा बदल खरोखर जमून येतो. व्हिडीओ एडिटिंग किंवा प्रोग्रॅम कंपाइल करणे अशा कामांत फरक जाणवतो. मात्र हा प्रोसेसरही सोल्डरच्या प्रकारात निघाला होता, त्यामुळे विकत घेताना पिनांचाच आहे ना, हे पाहून घ्यावे लागते. असे प्रोसेसर आता नवे मिळत नाहीत. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीतील नेहरू प्लेससारख्या बाजारांत किंवा ऑनलाइन, जुन्या लॅपटॉपमधून काढलेले मिळतात. ‘चालला नाही तर परत घेणार का’, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

विंडोज ११ साठी याचा उपयोग होईल?

खरी मेख इथे आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज ११ साठी, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्थाही.

म्हणजे ज्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बदलता येतो, त्यांची धाव चौथ्या पिढीपर्यंतच. आणि ज्यांचा प्रोसेसर पाचव्या, सहाव्या किंवा सातव्या पिढीचा आहे, त्यांच्यात तो बदलताच येत नाही. दोन्हीकडून दार बंद. ‘विंडोज ११ टाकायचे आहे म्हणून प्रोसेसर बदलून द्या’ या मागणीला होकार देणारा दुकानदार भेटला तर दोनदा विचार करावा.

मग जुना लॅपटॉप मंद का पडतो?

बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसतो. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ पाहावे. काही विशेष काम चालू नसताना डिस्क १०० टक्के दिसत असेल तर अडचण हार्ड डिस्कची आहे. लॅपटॉपच्या जुन्या हार्ड डिस्कमधील तबकडी सहसा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत प्रोसेसर हातावर हात ठेवून बसतो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, त्यामुळे ही वाट पाहणे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास येते. लॅपटॉप सुरू होण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो तो यामुळे.

दुसरे कारण रॅम. चार जीबी रॅम असताना ब्राउझरचे दहा टॅब उघडले की रॅम भरते आणि विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकते. डिस्क आधीच संथ, त्यात हा बोजा. तिसरे कारण धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट. प्रोसेसर तापला की त्याचा वेग उतरतो. म्हणजे आहे तोच प्रोसेसर पूर्ण क्षमतेने चालत नसताना आपण त्याहून मोठा बसवायला निघालेलो असतो.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत?

आधी सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. मग आतली सफाई आणि नवी थर्मल पेस्ट. त्यानंतर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. मग रॅम आठ जीबी करावी, मात्र डीडीआर-३, डीडीआर-३एल की डीडीआर-४ हे पाहूनच. बॅटरी फुगली असेल तर लॅपटॉपचा वापर लगेच थांबवून ती आधी बदलावी, तिथे काटकसर नको. एवढे करूनही विशिष्ट कामात प्रोसेसर सतत १०० टक्के दिसत असेल आणि लॅपटॉप सॉकेटवाला असेल, तरच प्रोसेसरचा विचार करावा.

विंडोजच्या अपडेटचा प्रश्न उरतोच. त्यावर लिनक्स हा व्यवहार्य मार्ग आहे. लिनक्स मिंट, उबंटू यांसारख्या मोफत प्रणाली जुन्या यंत्रांवर चालतात आणि त्यांना सुरक्षा अपडेटही मिळत राहतात. ब्राउझर, ईमेल, लेखन, ऑनलाइन वर्ग यांसाठी त्या पुरतात. एखादे विशिष्ट सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल तर मात्र ही वाट उपयोगाची नाही. अपडेट नसलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करणे, हा यातला सर्वांत वाईट पर्याय.

कंपन्यांनी सॉकेट काढून का टाकले?

सॉकेटमुळे जाडी वाढते, सुटे भाग वाढतात, खर्च वाढतो. २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, २०११ पासून इंटेलने ‘अल्ट्राबुक’चा आग्रह धरला आणि पातळ लॅपटॉप हीच ग्राहकाची मागणी ठरली. पुढे रॅमही बोर्डावर सोल्डर होऊ लागली. आता काही यंत्रांत ती प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असते. हलका लॅपटॉप आणि जास्त टिकणारी बॅटरी आपल्यालाच हवी होती, हे खरे. पण त्या बदल्यात आपण काय सोडत आहोत, हे विकत घेताना कोणी सांगितले नाही.

प्रत्येक वेळी हाच सौदा करावा लागतो असेही नाही. फ्रेमवर्क ही अमेरिकी कंपनी २०२१ पासून असे लॅपटॉप विकते, ज्यांत प्रोसेसर सोल्डर केलेला असला तरी अख्खा मेनबोर्ड बदलून त्याच सांगाड्यात पुढच्या पिढीचा बसवता येतो.

सरकारने काय करायला हवे?

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केले. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकावरील समितीचा अहवालही मे २०२५ मध्ये आला. त्यात प्राधान्य स्मार्टफोन आणि टॅब्लेटला आहे. लॅपटॉपला त्यात मागे ठेवण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याच्या घरात ती बहुधा फोनपेक्षा मोठी खरेदी असते.

मागणी फार मोठी नाही. रॅम वाढवता येते का, डिस्क बदलता येते का, बॅटरी आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील, सुरक्षा अपडेट कधीपर्यंत येतील, या चार गोष्टी खोक्यावर ठळक छापाव्यात. ई-कचरा नियम २०२२ ने उत्पादकांवर जुन्या उपकरणांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहेच. पण चालू शकणारे यंत्र भंगारात जाऊ न देणे ही त्याआधीची पायरी.

तोपर्यंत हे चार प्रश्न ग्राहकालाच दुकानात विचारावे लागतील. कपाटातल्या लॅपटॉपचे म्हणाल, तर त्याचा प्रोसेसर आहे तसाच राहू द्या. आधी एसएसडी बसवून पाहा. कॉलेजची पहिली दोन वर्षे तरी त्यावर निघू शकतील.