पाण्याचा रंग उतरला, विषाचे काय?

कोल्हापूर – इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योगाच्या रंगीत सांडपाण्याची आणि पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा बहुधा नोटिसा, दंड व प्रक्रिया केंद्रे यांपाशी येऊन थांबते. या प्रश्नाची एक महत्त्वाची बाजू मात्र शिवाजी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उलगडली आहे.

विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. संजय गोविंदवार व सहकाऱ्यांनी कापडरंगांचे विघटन करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर दीर्घकाळ संशोधन केले. त्यांपैकी ‘स्यूडोमोनस एसयूके-१’ या जिवाणूवरील शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. असे जिवाणू आपल्या विकरांच्या, म्हणजेच एन्झाइमांच्या साह्याने रंगाचे रेणू तोडतात.

विकराची ताकद मोजायची कशी? लॅकेज या विकराचे उदाहरण घेता येईल. ‘एबीटीएस’ नावाच्या जवळपास रंगहीन रसायनात लॅकेज मिसळले, की द्रावण हिरवट-निळे होते. ४२० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ते किती वेगाने अधिकाधिक शोषते, यावरून विकराची क्रियाशीलता कळते. रसायनाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवले, की हा वेग एका कमाल मर्यादेला टेकतो. त्याच्या निम्मा वेग ज्या प्रमाणाला मिळतो, तो आकडा मिखाइलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या सूत्रातला. हा आकडा जितका लहान, तितके थोड्या रसायनावरही विकराचे काम चालते. सोडियम अझाइड मिसळल्यास लॅकेजचे काम मंदावते वा थांबते. त्यावरून रंग तोडण्यात त्याचा वाटा पडताळता येतो.

अडचण येथूनच सुरू होते. हे मोजमाप शुद्ध रसायन व ठरावीक आम्लता असलेल्या द्रावणात होते. कारखान्याच्या पाण्यात अनेक रंग, मीठ आणि अल्कली एकत्र असतात. विकराच्या क्रियास्थळी भलताच रेणू जाऊन बसला, तर प्रयोगशाळेतला वेग नाल्यात मिळत नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. अ‍ॅझो प्रकारच्या रंगांतील नायट्रोजनचा दुहेरी बंध तुटला, की पाणी निवळते. पण त्यातून अ‍ॅरोमॅटिक अमाइन तयार होऊ शकतात आणि त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. म्हणूनच संशोधक रंग गेल्यावर थांबत नाहीत. उरलेल्या घटकांचे पृथक्करण करतात आणि त्या पाण्यात बिया उगवतात का, तेही पाहतात.

हा विचार कायद्याला नवा नाही. सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत, ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत, अशी जैविक कसोटी आहेच. नदीकाठच्या गावांच्या दृष्टीने पाण्याच्या रंगापेक्षा तीच कसोटी मोलाची आहे. प्रक्रिया केंद्रांच्या अहवालांत तिचे निकाल नियमितपणे जाहीर झाले, तर डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी खरोखर किती निर्धोक आहे, हे नागरिकांना कळेल.