घरचे गारेगार



गेल्या वैशाखातील गोष्ट. दुपारी दीडचा सुमार होता. धाराशिवच्या पेठेत दुकानांवर उन्हाचे पडदे सोडलेले, गादीवर बसलेल्यांच्या पापण्या जडावलेल्या, आणि अशा वेळी गल्लीच्या तोंडाशी भोंग्याचा तो ओळखीचा आवाज झाला. आमचा नऊ वर्षांचा नातू आजोबांच्या खिशातील सुटे पैसे घेऊन केव्हा सटकला, हे कोणालाच कळले नाही. तो परत आला तो लाल ओठ घेऊन. रात्री उलट्या सुरू झाल्या, पहाटे जुलाब. दोन दिवस सलाईनवर काढावे लागले.

त्या गाडीवाल्यावर माझा राग नाही. त्याच्यामागेही संसार आहे, आणि त्याला जसा बर्फ मिळतो तसा तो विकतो. खाण्याचा बर्फ वेगळा आणि माल थंड ठेवण्याचा बर्फ वेगळा, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? हा दुसरा बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात त्याला फिकट निळा रंग देणे बंधनकारक करण्यात आले. नियम चांगलाच आहे. परंतु किसलेल्या बर्फावर लाल सरबत ओतल्यानंतर खालचा निळसरपणा कोणत्या मुलाला दिसणार? शिवाय थंडीने जंतू मरतात, अशी आपली एक भाबडी समजूत आहे. बहुतेक जंतू गोठून केवळ निपचित पडतात आणि पोटाची ऊब मिळताच जागे होतात.

मुलगा घरी आल्यावर सूनबाई म्हणाल्या, “आई, याला उन्हाळाभर नाही म्हणत राहण्यापेक्षा आपणच घरी करू या ना.” सूचना साधी होती. पण आमच्या घरात बर्फ हा साधा विषय नाही.

माझ्या सासूबाईंचा बर्फाचा त्याग आहे, तोही त्यांच्या लग्नाआधीपासूनचा. बावीस अभक्ष्यांची यादी आपल्यापैकी अनेकांनी पाठशाळेत म्हटलेली असेल. श्वेतांबर परंपरेच्या यादीत हिम आणि करा, म्हणजे बर्फ आणि गारा, अशी दोन वेगळी नावे येतात. दिगंबर परंपरेच्या यादीतही ओला आणि तुषार आहेतच. पाणी हेच अप्काय जीवांचे शरीर, आणि ते गोठले की त्या जीवांचा पुंजच होतो, हा त्यामागील विचार. आज बहुसंख्य घरांतून शीतकपाट आहे आणि बर्फाचे साचेही आहेत, हे सत्य नाकारण्यात अर्थ नाही. कोणी चातुर्मासात पाळतात, कोणी तिथीला, कोणी मुळीच नाही. आमच्या घरात मात्र एकाच छपराखाली तिन्ही प्रकार नांदतात.

सूनबाईंनी मोठ्या युक्तीने विषय काढला. पाणी गाळून, उकळून, निववून घेतले तर ते अचित्त होते. मग त्याचा बर्फ सासूबाईंनाही चालू शकेल, असा तिचा मुद्दा. सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. म्हणाल्या, “पाणी उकळलं म्हणून बर्फ बर्फ राहत नाही का? नियम मोडायचा असेल तर सरळ मोडावा, पळवाट काढून नव्हे. माझा नियम माझ्यापाशी राहू द्या. पोराला रस्त्यावरचं खाऊन दवाखान्यात टाकण्यापेक्षा घरात करा. पण पाणी दुपदरी गाळण्यानं गाळून, उकळूनच घ्या, आणि दिवसाउजेडीच खा.” थोडे थांबून माझ्याकडे पाहत त्यांनी पुढे जोडले, “हिलाही गारेगार आवडतं. मला ठाऊक आहे.”

वाचकहो, आता हे सांगणे भाग आहे. चाळीस वर्षांपूर्वी नवी सून म्हणून मी या घरात आले, तेव्हा माहेराहून परतताना बसस्थानकावर पदराआड एक गारेगार खाल्ले होते. लाकडी पेटीतून काढलेले, बांबूच्या काडीचे, लालभडक. घरी येऊन वाकून नमस्कार केला, तर सासूबाई एवढेच म्हणाल्या, “जीभ दाखव.” त्यानंतर त्या विषयावर चाळीस वर्षे अवाक्षर नाही.

असो. परवानगी मिळाली आणि आमचा कारखाना सुरू झाला.

पहिली गोष्ट पाण्याची. आपल्या शहराला उजनीचे पाणी येते, पण ते रोज येत नाही, आणि टाकीत साठलेल्या पाण्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून गाळलेले पाणी खळखळून उकळावे, पाच मिनिटे उकळतच ठेवावे आणि झाकून निववावे. त्याहून उत्तम उपाय म्हणजे पाणी शक्य तितके वगळून फळाचाच रस वापरणे. खरी चव त्यातच आहे.

लहानपणी आपण गारेगार चोखत असू, तेव्हा चार घोटांत सगळा रंग आणि गोडी तोंडात येई व हातात पांढरा फटक बर्फ उरे. असे का होते, हे मला फार उशिरा उमगले. पाणी गोठताना त्याचे स्फटिक फक्त पाण्याचेच बनतात. साखर, रंग व स्वाद यांना ते बाहेर ढकलतात. ही साखर स्फटिकांमधल्या फटींत दाट पाकाच्या रूपाने राहते, आणि आपण तीच आधी ओढून घेतो. साखर फारच थोडी असेल तर दगड तयार होतो. फार झाली तर कांडी गोठतच नाही, हातात घेताच ओघळते. एकूण मिश्रणाच्या शेकडा १५ ते २० भाग गोडी असावी, त्यात फळाची स्वतःची साखरही धरावी. साधी खूण सांगते: पिण्यासाठी जेवढे गोड करू, त्याहून थोडे अधिक गोड करावे, कारण गारठलेल्या जिभेला गोडी कमी जाणवते. चिमूटभर मीठ आणि लिंबाचे काही थेंब मात्र विसरू नयेत.

आंब्याची कृती सविस्तर देते, कारण आमच्या घरी तीच सर्वाधिक झाली. आपला केसर घ्यावा. ‘मराठवाडा केसर’ या नावाने त्याला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा हापूसच्या नावाने उसासे टाकण्याचे कारण नाही. पिकलेले आंबे तासभर पाण्यात ठेवून, पुसून, रस काढावा आणि चाळणीतून गाळून घ्यावा. रेषा राहिल्या तर कांडी दाताला लागते. अर्धा किलो रसाला १०० मिलिलिटर निववलेले पाणी, ५० ते ६० ग्रॅम पिठीसाखर, एक छोटा चमचा लिंबाचा रस व चिमूटभर मीठ. आंबा फार गोड असेल तर साखर निम्मी करावी. वेलदोडा घालण्याचा मोह मी दोनदा केला; दोन्ही वेळा नातवाने “यात आमरस झाला” असा शेरा दिला. एवढ्या मिश्रणात ८० मिलिलिटरच्या आठ कांड्या होतात.

साच्यांसाठी बाजार धुंडाळू नये. स्टीलचे छोटे पेले उत्तम. माळ्यावर पडलेले जुने ॲल्युमिनियमचे कुल्फीचे साचे दुधाच्या कुल्फीला चालतील, पण कैरी, लिंबू, मोसंबी यांच्या आंबट रसाला वापरू नयेत. धातूला आंबटपणा लागतो. पेला काठोकाठ भरू नये. पाणी गोठताना सुमारे शेकडा ९ भागांनी फुगते, तेवढी जागा वर सोडावी. काडी लगेच उभी राहत नाही. तास-दीड तासाने मिश्रण दाट होऊ लागले की मध्यभागी खोचावी. पुरती गोठायला सहा ते आठ तास लागतात. काढताना पेला साध्या पाण्यात १०-१५ सेकंद बुडवला की कांडी आपोआप सुटते. ओढाताण केली तर काडी हातात येते आणि आंबा पेल्यातच राहतो.

कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, म्हणून त्याची कांडी फसते. एक लिटर गाळलेल्या रसाला १०० ग्रॅम साखर व एका लिंबाचा रस घातला तर ती मऊ राहते. द्राक्षांचे उलट आहे. आपल्या तालुक्यातील आणि तुळजापूरकडील बागांची द्राक्षे इतकी गोड असतात की साखर लागतच नाही. दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवावीत, वाटावीत, गाळावीत आणि ओतावीत. पण ती चैत्रातच उरकावी लागतात. कैरीचे पन्हे मात्र नेहमीपेक्षा दाट व गोड करून गोठवावे. अंजीर आमच्या घरात येत नाही, त्याचे कारण आपल्या वाचकांना सांगायला नको. नव्या पद्धतीच्या कृतींतून साखरेऐवजी मध आणि मऊपणासाठी जिलेटिन सुचवलेले असते. दोन्ही आपल्याला वर्ज्य. मध न लागता, जिलेटिनशिवाय, केवळ साखरेच्या प्रमाणावर कांडी मऊ होते, हे मी स्वतः करून सांगत आहे. विकतच्या लाल-गुलाबी वस्तू घेताना वेष्टनावर १२० हा क्रमांक दिसला तर तो कारमाइनचा, म्हणजे किड्यापासून काढलेला रंग समजावा.

शेजारच्या दिगंबर कुटुंबासोबत एकदा कुंथलगिरीला जाणे झाले. वंदना करून उतरल्यावर खवा घेतल्याशिवाय तिथून कोण परतते? भौगोलिक मानांकन मिळालेला तो खवा दुधात विरघळवून, त्यात केसर आंब्याचा रस घालून कुल्फी केली. फार सुरेख झाली. तिचे प्रमाण मात्र देत नाही, कारण अंदाजानेच केली आणि पुन्हा तशी जमली नाही.

वीज गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे टळत नाही. चार-पाच तास कपाट उघडले नाही तर कांड्या तग धरतात. पण एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये. ते त्याच वेळी सरबत म्हणून पिऊन टाकावे.

आमच्या यजमानांना या साऱ्यात रस नव्हता. त्यांना रस आला तो एका व्यापाऱ्याच्या गोष्टीत. १८३३ साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यातला १८० टन बर्फ भुशात बांधून जहाजाने कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर पोहोचला तो सुमारे १०० टन. “म्हणजे शेकडा ४४ घट,” यजमान लगेच म्हणाले, “आणि तरी धंदा केला?” केला, आणि पुढे अनेक वर्षे केला. नातवाला मात्र दुसरी गोष्ट आवडली: १९०५ साली अमेरिकेतील अकरा वर्षांच्या फ्रँक एपर्सनने सरबताचा पेला ढवळण्याच्या काडीसकट रात्रभर ओट्यावर विसरला आणि सकाळी त्याच्या हातात काडीवरचे गोठलेले सरबत आले. त्याचे पेटंट त्याने १९२४ साली मिळवले. विसरल्याबद्दल एखाद्याला बक्षीस मिळते, हे ऐकून आमच्या चिरंजीवाला स्वतःच्या भवितव्याची मोठी आशा वाटू लागली.

आजोबांनी त्याला एक जुनी वही दिली. आवक एका बाजूला, जावक दुसऱ्या बाजूला. रोज चार वाजता एक कांडी, तीही नोंद करूनच. पहिल्या आठवड्यात भोंगा वाजला की तो दारापर्यंत जाई. पुढे पुढे वहीकडे जाऊ लागला.

जून उजाडला तशी नवी अडचण दिसू लागली. २१-२२ जूनच्या सुमारास सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो, आणि त्यानंतर आमच्या घरात आंबा बंद. कपाटात तर आंब्याच्या कांड्या शिल्लक. आंबा आर्द्रेपूर्वीचा, रस आर्द्रेपूर्वीचा, मग खायला हरकत काय, असा वाद नातवाने सासूबाईंसमोर व्यवस्थित मांडला. या घरचे रक्त आहे. सासूबाई म्हणाल्या, “नियम आंब्याचा आहे. डब्यावर कोणती तारीख लिहिली, त्याचा नाही.” तोंड एवढेसे झाले, पण पटले असावे; कारण शिल्लक माल दुकानातील हमालांना आणि गल्लीतील मुलांना वाटून टाकण्याची सूचना त्याचीच.

२० जूनला चार वाजता वाटप ठरले. वहीत वीस कांड्या होत्या. सासूबाई ओसरीवर माठातले, वाळ्याच्या वासाचे पन्हे घेऊन बसल्या होत्या. नातवाने एकेक कांडी काढून ताटात मांडली, यजमानांनी मोजली, पुन्हा मोजली. एकोणीस निघाल्या.

“जीभ दाखव,” सासूबाई म्हणाल्या.

आंब्याचा रंग जिभेवर काही उमटत नाही. तरीही त्याने तोंड घट्ट मिटून घेतले.