शाळा-कॉलेजच्या रेडिओला दुसरी वाट हवीच!



2020 मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' लागायची, हे विदर्भातल्या अनेकांना आठवत असेल. घरात स्मार्टफोन नसला तरी धडा पोहोचत होता. आता कल्पना करा, धडा अर्ध्यावर आलाय आणि रेडिओ एकदम मुका झाला. बाई स्टुडिओत बोलतायत, ट्रान्समीटरही चालू आहे, मधली तार तेवढी तुटली. रस्त्यात जेसीबीने खणलं असेल, नाहीतर उंदराने कुरतडलं असेल. ऑनलाइन तासात मूल पुन्हा जोडून घेऊ शकतं. रेडिओवर निघून गेलेला धडा मात्र गेलाच.

आज विद्यापीठं, कॉलेजं, संस्था यांची कम्युनिटी रेडिओ केंद्रं आहेत. पुण्यात विद्यापीठाची 'विद्यावाणी' आहे, म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे. कुठे स्टुडिओ आणि ट्रान्समीटर शेजारीशेजारी असतात, तर कुठे मनोरा आवाराच्या दुसऱ्या टोकाला किंवा उंचावर असतो. मधलं अंतर आवाज एकाच वाटेने पार करत असेल, तर ते केंद्र नशिबावर चाललंय असं मी म्हणेन. बिनतारी बॅकअप लिंक हवीच, आणि ती मुलांच्या हातून उभी करावी, हे माझं मत.

"मोबाइलचं इंटरनेट आहे की!" असं लगेच कोणी म्हणेल. रोजच्यासाठी ठीक आहे. पण जून 2020 मधलं निसर्ग चक्रीवादळ रायगड-रत्नागिरीच्या लोकांना विचारा. वीज गेली, पाठोपाठ मोबाइलही गेले. ज्या दिवशी रेडिओची खरी गरज, त्याच दिवशी दगा देणारा बॅकअप काय कामाचा?

त्यापेक्षा दोन्ही छतांवर एकमेकांकडे तोंड करून बाहेर लावायचे वाय-फाय अँटेना बसवा. 5 गिगाहर्ट्झ पट्ट्याचा बराचसा भाग 2018 पासून आपल्याकडे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. (स्वस्तातला छोटा एफएम ट्रान्समीटर आणून आवाज पाठवू, हा विचार मात्र करू नका. परवान्याशिवाय तो बेकायदा आहे.) दोन टोकांना दोन छोटे संगणक, रास्पबेरी पाय किंवा कपाटात धूळ खात पडलेले जुने लॅपटॉप. आवाज पाठवणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. सगळं मिळून वीस-पंचवीस हजारांच्या आसपास काम होतं, जुने लॅपटॉप असतील तर आणखी कमी.

आवाजाला जागा किती लागते, हे आठवीच्या मुलांना फळ्यावर करायला द्या. सीडीच्या दर्जासाठी सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटचा, डावा-उजवा असे दोन. गुणाकार येतो 14 लाख 11 हजार 200 बिट. साध्या वाय-फाय लिंकलाही हे सहज झेपतं. ओपस नावाच्या मोफत कोडेकने आवाज दाबला तर याच्या दहाव्या हिश्श्यातही छान ऐकू येतो.

खरी गंमत छतावर आहे. समोरचा मनोरा नुसता दिसला म्हणजे झालं, असं नाही. लहरींना सरळ रेषेभोवती मोकळी जागा लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. 3 किलोमीटरच्या लिंकमध्ये मध्यावर तिची त्रिज्या साधारण 6 मीटर असते आणि त्यातली निदान 60 टक्के मोकळी हवी. मे महिन्यात निष्पर्ण झाडाआडून लिंक झकास लागते. जुलैत त्याच झाडाला ओली पानं आली की आवाज तुटू लागतो आणि दोष पावसाला जातो. या पट्ट्यात पाऊस स्वतः फारसा आड येत नाही. पानं येतात, आणि केबलच्या जोडात शिरलेलं पाणी येतं. अर्थिंग नीट करा, छतावरची उपकरणं विजेला आमंत्रण असतात. मुलांना छतावर नेताना मोठं माणूस सोबत हवंच, कठड्याशिवायच्या छतावर तर नकोच.

दोन्ही वाटा एकाच यूपीएसवर ठेवू नका. एका बोर्डावरून दोन्ही चालत असतील तर ती एकच वाट झाली. ट्रान्समीटरच्या टोकाला 'शांतता ओळखणारी' सोय ठेवा. पंधरा-वीस सेकंद आवाज आला नाही की आपोआप दुसरी लिंक, तीही गेली तर मेमरी कार्डावरचं रेकॉर्डिंग. फक्त 30 जानेवारीला सकाळी 11 वाजता ही सोय दोन मिनिटं बंद करायला विसरू नका, नाहीतर हुतात्म्यांच्या स्मरणाच्या शांततेत गाणं वाजायचं!

या लिंकवर आवाज थोडा उशिरा पोहोचतो. म्हणून निवेदकाने हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज रेडिओवरून ऐकू नये, मिक्सरवरून ऐकावा. उशिराने आलेला स्वतःचा आवाज कानात पडला की भलेभले अडखळतात.

पैशापेक्षा अवघड आहे ती सवय. बॅकअप बसवला, फोटो काढला, सहा महिन्यांनी गरज पडली तेव्हा पासवर्ड कोणालाच आठवेना, असं होतं. महिन्यातून एकदा, कार्यक्रम नसताना, मुख्य तार मुद्दाम काढा. किती सेकंदांत आवाज परत आला ते एका विद्यार्थ्याने वहीत लिहावं, आणि वही ट्रान्समीटरच्या खोलीतच टांगावी. पालकांनो, तुम्ही घरी रेडिओ लावून बसा आणि मुलांना फोन करून सांगा, आवाज आला की नाही.

सुरुवात येत्या रविवारी करता येईल. दुर्बीण घ्या, दोन मुलं घ्या आणि गच्चीवरून बघा, मनोरा दिसतोय का आणि मध्ये कोणाचं झाड आहे.