सातबारा मोबाइलवर आला. चूक निस्तरायची मात्र शेतकऱ्यानेच

सातारा / सांगली : पूर्वी सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघण्यात दिवस जायचा. आता 15 रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मोबाइलवर येतो. सोय मोठीच आहे. पण हस्तलिखित सातबारा संगणकात उतरवताना क्षेत्राचा आकडा चुकला, वारसाचं नाव गळलं किंवा ‘इतर हक्क’ रकान्यातला शेरा राहिला, तर त्या चुकीच्या उताऱ्यावरही डिजिटल सही होते.

सिद्ध कोणी करायचं?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 157 नुसार, अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे चूक कार्यालयाची, पण जुने उतारे आणि फेरफार शोधत फिरायचं शेतकऱ्याने. फेरफार नोंदीने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. तरी बँक असो, सोसायटी असो की भूसंपादनाचा मोबदला, सगळे आधी सातबाराच बघतात. नाव नसलं की काम अडलं.

कलम 155 ची मर्यादा

लेखनातली चूक कलम 155 खाली दुरुस्त होते. मात्र वारस कोण, हिस्सा किती, हा लेखनप्रमाद नव्हे, हक्काचा वाद आहे. दुरुस्तीच्या नावाखाली नोटीस न देताच कोणाचं नाव उडालं, तर तो अन्यायच. याचा धोका गावात न राहणाऱ्यांना जास्त : सासरी गेलेल्या बहिणी, मुंबईला असलेले भाऊ. कोयना-वारणेच्या धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या ‘भोगवटादार वर्ग 2’ च्या जमिनीचंही तसंच. हस्तांतराच्या बंधनाचा शेरा गळला, तर परवानगीविना व्यवहाराला वाट मोकळी होते.

खासगीपणाचं काय?

सातबारा आधीही उघडाच होता, पण तो बघायला गावात यावं लागायचं. आता गाव निवडून नुसतं आडनाव टाकलं तरी जमीन सापडते आणि उताऱ्यावर कर्जाचा बोजाही दिसतो. कोण अडचणीत आहे, हे दलालाला घरबसल्या कळतं. फसवणूक पकडायला पारदर्शकता हवीच. पण कर्जाचा तपशील कोणालाही दिसावा का, यावर सरकारने विचार करायला हवा.

आता काय करावं?

जुना हस्तलिखित उतारा आणि फेरफार ऑनलाइन सातबाऱ्याशी ताडून बघा. फरक दिसला तर तहसीलदारांकडे कलम 155 खाली अर्ज द्या आणि पोच घ्या. आदेश विरोधात गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येतं.

हे झालं शेतकऱ्याचं काम. 2017 मध्ये चुका शोधायला गावोगाव चावडी वाचन झालं होतं. तसं पुन्हा व्हायला हवं आणि बाहेरगावच्या खातेदारांनाही त्याची खबर मिळायला हवी. चूक ज्यांच्या दफ्तरात झाली, ती शोधायचं कामही त्यांचंच आहे.