पॅनेलची किल्ली कुणाकडे?

सूर्यावर हायड्रोजनची अणुकेंद्रे एकमेकांत मिसळून जशी ऊर्जा बाहेर पडते, तशी ती पृथ्वीवर मिळवण्याचा उद्योग आता प्रयोगशाळेतून कारखान्यात उतरतो आहे. राजूरला बसून आपण त्याचा विचार कशाला करायचा, असे काही मैत्रिणी विचारतील. जालना जिल्ह्यात टँकरची चर्चा संपत नाही, तिथे ही सूर्याची भाषा! प्रश्न रास्त आहे. फ्रान्समधल्या ‘ईटर’ प्रकल्पात भारत 2005 पासून भागीदार आहे आणि 2024 मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे तिथले संशोधन 2034 मध्ये सुरू व्हायचे आहे. म्हणजे त्या विजेवर आपल्या घरातला दिवा इतक्यात लागणार नाही. पण कामांची वाटणी केव्हाच सुरू झाली. ईटरच्या यंत्राभोवतीचे 3,850 टनांचे पोलादी भांडे एल अँड टीने गुजरातेत हजिऱ्याला बनवले, आणि त्याचा तळ 2020 मध्येच जागेवर बसला. वीज यायच्या कितीतरी आधी हुद्दे ठरतात.

इतके लांब जायलाही नको. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 मध्ये तिला 2,600 कोटी मंजूर केले. ती संलयनासाठी नाही, पण तिच्या निर्वात नळ्यांची जबाबदारी गांधीनगरच्या ज्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे, तीच देशातले संलयनाचे संशोधनही करते. या दोन्ही कामांना लागणारे हात एकाच जातीचे: सेन्सर बसवणारे, पॅनेलचे वायरिंग करणारे, पीएलसीचा प्रोग्रॅम लिहिणारे.

या लोकांचा प्रमुख काय करतो? संलयनाच्या यंत्रात पंधरा कोटी अंश तापमानाचा वायू चुंबकांनी तोलून धरायचा असतो, आणि ते चुंबक उणे 269 अंशांवर ठेवावे लागतात. त्यातला एखादा भाग जरा गरम झाला, तर ते ओळखून आतली ऊर्जा काही सेकंदांत बाहेर काढावी लागते. नाही तर चुंबक निकामी. यंत्र केव्हा चालू द्यायचे आणि केव्हा थांबवायचे, हे नियम ही टीम लिहिते. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग यंत्राने करायचे की हाताने, हेही बहुधा तीच सुचवते. म्हणजे कुणाचे हात कमी करायचे हे ठरते त्या टेबलावर. हातजुळणीची कामे करणाऱ्या बायका यंत्र आले की पहिल्या घरी जातात, हे आपण पाहिले आहे. त्या टेबलावर बाई असली की सगळे बदलेल, असे मी म्हणत नाही. पण आज तिथे काय बोलले जाते ते आपल्याला कळतसुद्धा नाही.

या पदावर माणूस पोचतो तो नुसत्या पदवीने नाही. नवे यंत्र कागदावरच्या नकाशाप्रमाणे कधीच सुरू होत नाही. ते सुरू करून देताना जो रात्रभर पॅनेलपाशी उभा राहतो, सैल झालेले टर्मिनल शोधतो, प्रोग्रॅम दुरुस्त करतो, त्याचाच शब्द पुढे चालतो. मुलींना मात्र ड्रॉइंग, चाचण्यांच्या नोंदी, फाइली. ‘तुम्ही जा, उशीर होईल’ हे काळजीने म्हटले जाते, आणि बढतीच्या वेळी ‘यांना साइटचा अनुभव नाही’ असा शेरा येतो!

कायद्यानेही हेच केले होते. 1948 च्या कारखाना कायद्याने बायकांना रात्रपाळी बंद केली. 1974 मध्ये सुधा मूर्तींनी ‘टेल्को’च्या ज्या जाहिरातीबद्दल जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले, तिच्यात तर महिलांनी अर्जच करू नये असे छापले होते. महाराष्ट्राने 2015 मध्ये रात्रपाळीची दुरुस्ती केली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत बाईच्या संमतीने रात्रीचे काम सर्वत्र खुले झाले. पण संमती कुणाची? आपल्याकडे ती सासरच्या ओट्यावर ठरते. आणि रात्री दोनला काम संपले तर जालन्याहून राजूरला यायचे कशाने?

म्हणून संमतीपत्राच्या आधी मागायचे ते वाहन आणि एमआयडीसीजवळ वसतिगृह. आयटीआयच्या प्रवेशाच्या वेळी आपल्या गटांनी मुलींसोबत जावे आणि शिवणकामाच्या रांगेतून त्यांना इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या रांगेत उभे करावे. औंढ्याच्या कंत्राटदारांना एकच प्रश्न लेखी विचारावा: यंत्र सुरू करून देणाऱ्या तुमच्या टीममध्ये बायका किती, आणि त्यांतल्या किती जणी रात्री पॅनेलपाशी असतात?