लाजेच्या जोरावर निघणारं ग्राउंड

पोरगं कशासाठी धावतंय हे विचारत बसू नये, त्याला लाज वाटायला लावावी, म्हणजे ग्राउंड (भरतीची मैदानी चाचणी) आपोआप निघतं, असं मानणारे वडीलधारे आणि प्रशिक्षक भंडारा जिल्ह्यात कमी नाहीत. साकोली, लाखनी, पवनी, तुमसरकडे पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलामुलींच्या मागे हाच चाबूक असतो: शेजारच्याच्या अंगावर वर्दी चढली, तू मात्र घरीच.

लाजेनं पाय उचलतात, हे मला मान्य आहे. पण ही धाव किती दिवस टिकणार? कारण तयारी लांबलचक असते: मुलांसाठी १६०० मीटरला २० गुण, १०० मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५, त्यावर १०० गुणांची लेखी. एक भरती हुकली की पुढची जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलिअट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९मध्ये दाखवलं, की मनापासून पटलेल्या ध्येयासाठी माणूस जास्त काळ नेटानं झटतो. आणि असं ध्येय गाठल्यावर मिळणारं समाधानही अधिक असतं. म्हणजे लाजेनं धावलेला भरती झाला, तरी त्याच्या वाट्याला आनंद कमीच येतो.

आणि भरती न होणाऱ्यांचं काय? जागा थोड्या, अर्ज भरमसाट. बहुतेकांना घरीच परतायचं असतं. ज्याला धावणं आवडू लागलं, वाचनाची गोडी लागली, त्याच्याजवळ नापास झाल्यावरही काही उरतं. निव्वळ टोमण्यांवर वाढवलेल्या पोराकडे तोंड लपवण्यापलीकडे काय उरणार? ‘मतलब निकालाशी’ म्हणणाऱ्यांनी या पोरांचा हिशेब कधी मांडलाच नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. घरी दोन एकर धान, तेही पावसाच्या भरवशावर. तिथे मनाची आवड विचारणं म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले. हा आक्षेप मात्र चुकीच्या जागी बोट ठेवतो. आईला रोवणीच्या चिखलात वाकावं लागू नये म्हणून जी मुलगी धावते, तिच्यावर कुणी सक्ती केलेली नाही. ते तिचं स्वतःचं कारण आहे. गरिबी आणि बळजबरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग भरतीच्या अकॅडमीत प्रेरणादायी वक्ता बोलावला की झालं, असंही कुणी समजू नये. शेल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये विद्यार्थ्यांना ध्येय आपलंसं करण्याचं रीतसर प्रशिक्षण देऊन पाहिलं. सरसकट सगळ्यांची ध्येयपूर्ती वाढली नाही. ज्यांची ध्येयं आधीच मनाची होती, त्यांनाच त्याचा जास्त उपयोग झाला. म्हणून हेतूची मशागत ध्येय निवडण्याच्या वेळीच व्हायला हवी.

प्रशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारावं: हे तुला हवंय की घरच्यांना? शिपायाचं काम, रात्रपाळी, बंदोबस्त, बदल्या, हे सगळं नोकरीतल्या माणसाकडून त्याला ऐकू द्यावं. सरावाची वेळ, लेखीच्या विषयांचा क्रम यातलं थोडं त्याचं त्याला ठरवू द्यावं. वेळ सुधारली तर ती त्याच्या कालच्या वेळेशी ताडावी, शेजारच्याच्या वर्दीशी नाही. आणि एखादा म्हणाला, मला आयटीआय करायचंय, तर त्याला भित्रा न म्हणता जाऊ द्यावं, त्याच्या बापाशी बोलायलाही प्रशिक्षकानंच जावं.